पुनर्वसन वसाहतीत संस्थेचं काम संपत आलंय. माणसांचं जगणं सुधारलं का, हे कसं तपासायचं?

चौथा मजला:

नमस्कार. मी मानखुर्दच्या एका पुनर्वसन वसाहतीत राहते. पूर्वी आमचं घर हार्बर लाइनच्या रुळांना लागून होतं. रेल्वेच्या प्रकल्पात ते गेलं आणि बदल्यात इथे सात मजली इमारतीत चौथ्या मजल्यावर २२५ चौरस फुटांचं घर मिळालं. सध्या आमच्या सोसायटीची सेक्रेटरी मी आहे. घरीच शिवणकाम करते, दिवसभर इमारतीत असते, म्हणून बायकांनी माझं नाव पुढे केलं.

काही वर्षांपूर्वी वसाहतीत एक सामाजिक संस्था आली. एका कंपनीच्या सीएसआरचा, म्हणजे सामाजिक कामासाठी काढलेला पैसा होता. त्यांनी पहिल्यांदा दोन इमारतींमधली गल्ली हाती घेतली. ही गल्ली म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगायला हवं. दोन भिंतींत जेमतेम तीन मीटर अंतर, वरून ड्रेनेजचे पाइप गळतात आणि सातही मजल्यांच्या खिडक्यांतून कचरा खाली पडतो. लोक कचरा खिडकीतून का टाकतात? लिफ्ट बंद, कचराकुंडी गेटच्या बाहेर, आणि पहाटे धुण्याभांड्यांच्या कामाला निघालेल्या बाईच्या एका हातात डबा नि दुसऱ्या हातात मूल. संस्थेच्या मुलींनी हे कारण घरोघरी बसून ऐकून घेतलं, नुसत्या पाट्या लावल्या नाहीत. मग मजल्यामजल्यावरून कचरा उचलायला वसाहतीतल्याच दोन बायका पगारावर ठेवल्या. गल्लीत लाद्या बसल्या, दिवे लागले. जिन्याच्या भिंती रंगवल्या. तळमजल्यावरची बालवाडीची खोली कित्येक वर्षं कुलूपबंद होती, तिथे मुलांसाठी वाचनालय सुरू झालं. कमिट्यांना हिशेब कसा ठेवायचा, वॉर्ड ऑफिसात अर्ज कसा करायचा, पोच कशी घ्यायची, लिफ्टवाल्याशी वर्षाचा करार कसा करायचा, हे शिकवलं.

आता निधीची मुदत संपतेय आणि मूल्यमापन करायचंय. त्यासाठी नेमलेल्या समितीत रहिवाशांतर्फे मला घेतलंय. पहिल्या काही घरांत मी सोबत गेले. प्रश्न होता, "या प्रकल्पामुळे तुमचं जीवन सुधारलं का? खूप, थोडं, नाही." विचारणारी मुलगी तीच, जी याच बायकांच्या पोरांना वाचनालयात गोष्टी वाचून दाखवते. तिला तोंडावर "नाही" कोण म्हणणार? सगळ्या "खूप" म्हणाल्या, वर चहा केला.

मला हे सतावतंय. कारण खूप सुधारलंय असं मलाही काही बाबतींत मनापासून वाटतं. माझी मुलगी रात्री क्लासवरून येते तेव्हा मी पूर्वी गेटपर्यंत जायचे, आता जात नाही. गल्लीचा वास घरात येत नाही. पण आमच्या तळमजल्यावर काकी राहतात, त्यांच्याकडे भर दुपारी ट्यूबलाइट लावल्याशिवाय तांदूळ निवडता येत नाहीत. त्यांच्या सुनेचे टीबीचे औषधोपचार चालू आहेत आणि त्यांच्या बाजूच्याच खोलीत आधी दोघांचे झालेत. त्यांनीसुद्धा "खूप" सांगितलं. लिफ्ट महिन्यातून किती दिवस चालते, हा प्रश्न यादीत नाहीच. पाणी चढवायच्या पंपाचं वीजबिल थकतं, कारण अर्ध्या इमारतीकडून मेंटेनन्स येत नाही. तेही यादीत नाही.

आणि यात पैशाचा प्रश्न आहे. सगळं उत्तम झालं असं अहवालात गेलं तर "आता इथे गरज नाही" म्हणून कचरा उचलणाऱ्या दोघींचा पगार थांबेल. काही उपयोग झाला नाही असं गेलं तरी थांबेल. मला खरं ते लिहायचंय. तुमच्यापैकी कुणी असल्या कामात असेल तर सांगा, वसाहतीतल्या लोकांचं जगणं सुधारलं की नाही हे कसं तपासतात? कुणाला विचारायचं, काय विचारायचं, आणि आमच्याकडे आधीची कसलीच आकडेवारी नसताना तुलना कशाशी करायची?

---

उजेडवारा:

मी वास्तुरचनाकार आहे आणि पूर्व उपनगरांतल्या पुनर्वसन इमारतींची मोजमापं घेण्याचं काम केलंय. तुमच्या काकींच्या ट्यूबलाइटपासून सुरुवात करतो.

त्या खोलीत उजेड नाही याचं कारण इमारत बांधण्याआधी कागदावर ठरलं. इमारत जितकी उंच तितकी तिच्याभोवती मोकळी जागा जास्त, हा साधा नियम. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या योजनांना त्यात सवलत मिळाली, कारण कमी जागेत जास्त घरं बसवायची होती. हेक्टरी किमान ५०० घरांची अट होती, २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्याच्या नियमावलीत ती ६५० वर गेली. तीन मीटरच्या गल्लीत सात मजले उभे केले की खालच्या मजल्यांवर आकाश दिसत नाही, आणि आकाश दिसत नाही तिथे सूर्यप्रकाशही नाही नि वाराही नाही.

याचा आजाराशी संबंध आहे का, हे तुमच्याच भागात तपासलं गेलंय. डॉक्टर्स फॉर यू या संस्थेने आयआयटी मुंबईच्या साथीने लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजीपी कॉलनी अशा तीन वसाहतींचा अभ्यास केला, तो २०१८ मध्ये बाहेर आला. पहिल्या दोन ठिकाणी इमारती एकमेकींना खेटून आहेत, तिसऱ्या ठिकाणी अंतर बरं आहे. टीबीचं प्रमाण पहिल्या दोन ठिकाणी कितीतरी जास्त निघालं आणि खालच्या मजल्यांवरची परिस्थिती सर्वांत वाईट.

म्हणून माझी सूचना अशी की अहवालात दोन खाती वेगळी ठेवा. संस्थेच्या हातात काय होतं हे एक खातं: कचरा, दिवे, वाचनालय, कमिटी. इमारतीच्या आराखड्यानेच काय ठरवून टाकलंय हे दुसरं. टीबी कमी झाला नाही म्हणून संस्थेला नापास करणं अन्यायाचं, आणि गल्ली स्वच्छ झाली म्हणून "आरोग्य सुधारलं" असं छापणं त्याहून वाईट, कारण मग दुसऱ्या खात्याची जबाबदारी ज्या सरकारी यंत्रणेवर आहे तिला कुणी काही विचारणारच नाही.

उजेड तुम्ही स्वतः मोजू शकता. मोबाइलवर प्रकाश मोजायचं अ‍ॅप मिळतं. ते अचूक नसतं, पण एकच मोबाइल घेऊन, दुपारी बाराच्या सुमारास, प्रत्येक मजल्यावरच्या एकाच बाजूच्या खोलीत, खिडकीपासून सारख्याच अंतरावर मोजलं तर तळमजला आणि सातवा मजला यांतला फरक कुणालाही दिसेल. सोबत एकच प्रश्न विचारा: दिवसा दिवा किती तास लावावा लागतो?

---

घरोघरी:

ताई, तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. माझं सगळं आयुष्य प्रश्नावल्या भरण्यात गेलं. मी काही मोठी संशोधक नाही. वही, पेन, पाण्याची बाटली घेऊन दारोदार जाणारी. चेंबूर, गोवंडी, मानखुर्द, वाशीनाका, माहुल, सगळीकडे जिने चढलेय. त्यामुळे जे सांगते ते दारात उभं राहून जे दिसलं त्यातलं.

पहिली गोष्ट, "सुधारलं का" हा प्रश्न फाडून टाका. माणसाला मत विचारलं की तो समोरच्याचं मन राखतो, ही आपली रीत आहे आणि ती चांगली रीत आहे. घडलेलं विचारा. "गेल्या आठवड्यात लिफ्ट किती दिवस चालली?" "काल पाणी किती वाजता आलं, किती वाजता गेलं?" "शेवटचं आजारी कोण पडलं, कुठल्या दवाखान्यात नेलं, कसं नेलं, पैसे कुणाकडून उसने घेतले?" "मुलगी काल संध्याकाळी खाली गेली होती का, किती वाजता वर आली?" यांत मन राखायला जागाच नाही. आणि विचारणारी व्यक्ती संस्थेची नको. शेजारच्या वसाहतीतल्या दोन शिकलेल्या मुली घ्या, तुम्ही त्यांच्याकडे जा, त्या तुमच्याकडे येतील.

दुसरी गोष्ट वेळेची. सर्वेक्षण बहुतेक सकाळी अकरा ते पाच चालतं. त्या वेळी दार कोण उघडतं? म्हातारी माणसं, लहान मुलं आणि तुमच्यासारख्या घरी काम करणाऱ्या बायका. धुणीभांडी करणारी, नाक्यावर उभा राहणारा, डिलिव्हरीवाला मुलगा, रात्रपाळीचा वॉचमन यांचं दार बंद असतं. बंद दारावर आम्ही खडूने फुली मारून पुढे जातो आणि त्याच्या शेजारचं घर घेतो. अहवालात ते घर राहतंच नाही. तुम्ही असं करू नका. बंद दारांची वेगळी यादी करा आणि रात्री नऊनंतर किंवा रविवारी सकाळी परत जा. माझा अनुभव असा की बंद दारांमागचं उत्तर उघड्या दारांपेक्षा बरंच वेगळं निघतं.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची: जे वसाहत सोडून गेले त्यांचं काय? तुम्ही आज राहणाऱ्यांना विचाराल. पण आज राहतात ते टिकलेले आहेत. ज्यांना रोजगार इतका लांब पडला की परवडेना, ती कुटुंबं घर भाड्याने देऊन किंवा विकून गेली. अहमदाबादचं एक उदाहरण मी प्रत्येक ठिकाणी सांगते. तिथे १९८७ मध्ये वस्तीतल्या बायकांसाठी घरांची सोडत निघाली. काहींना घर लागलं, काहींना नाही. घरं चांगली, पण शहराच्या मध्यापासून सुमारे १२ किलोमीटर लांब. १४ वर्षांनी संशोधकांनी घर लागलेल्या आणि न लागलेल्या, दोघींनाही शोधून काढलं. घर लागलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश कधी राहायलाच गेल्या नव्हत्या आणि जवळपास तितक्याच जाऊन नंतर निघून आल्या होत्या. उत्पन्नात फरक नाही, मुलांच्या प्रगतीत फरक नाही. उलट अडीनडीला पैसे देणारी, मूल सांभाळणारी नात्यागोत्यातली माणसं दूर राहिली. नव्या घरात टिकून राहिलेल्यांनाच तेवढं विचारलं असतं, तर चित्र केवढं गुलाबी दिसलं असतं!

चिठ्ठीने घर लागलं की तुलना खरी होते, कारण लागलेल्या आणि न लागलेल्या माणसांत नशिबाखेरीज फरक नसतो. तुमच्याकडे अशी सोडत नाही. पण एक गोष्ट आहे. संस्थेने सगळ्याच इमारती घेतल्या नसणार. ज्या इमारतींपर्यंत ती पोचली नाही, त्यांतली तुमच्यासारखीच एक निवडा. तेवढेच मजले, त्याच प्रकल्पातली माणसं, तोच पाण्याचा पाइप. तिथेही हेच प्रश्न विचारा. शहरात मेट्रो आली, भाव वाढले, करोना येऊन गेला, ते दोन्ही इमारतींना सारखंच लागलं. उरलेला फरक संस्थेच्या कामाचा असण्याची शक्यता जास्त.

आता "आधीची आकडेवारी नाही" याबद्दल. आहे, फक्त ती फायलीत पडलीय. पंपाची वीजबिलं काढा. लिफ्टवाल्याच्या पावत्या काढा, दुरुस्ती केव्हा झाली ते तारखेसकट मिळेल. मेंटेनन्सच्या पावतीपुस्तकातून दर महिन्याला किती घरांनी पैसे भरले ते मोजा, माझ्या मते सोसायटीवरच्या विश्वासाचं यापेक्षा खरं माप नाही. मोबाइलमधले लग्नाचे, गणपतीचे जुने फोटो गोळा करा, मागे गल्ली दिसतेच. एवढी सामग्री कितीतरी मोठ्या प्रकल्पांकडे नसते.

तक्रारींबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण इथे भलेभले फसतात. अहवालात "तक्रारी कमी झाल्या" हे यश म्हणून लिहितात. म्हाडाच्या २०१२ आणि २०१४ च्या सोडतींवर मुंबईत अभ्यास झालाय. घर लागलेली कुटुंबं न लागलेल्यांपेक्षा स्थानिक बैठकांना जास्त जाऊ लागली, पालिकेकडे जास्त तक्रारी करू लागली. शिक्षण आणि रोजगारातही सुधारणा दिसली. पायाखालची जमीन पक्की झाली की माणूस गळक्या पाइपाबद्दल बोलायला लागतो. आणि तुमचं रुळांजवळचं घर ज्या प्रकल्पात गेलं, त्याचाच इतिहास बघा. मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाला जागतिक बँकेचं कर्ज होतं. विस्थापित दुकानदारांनी आणि रहिवाशांनी बँकेच्या तपासणी मंडळाकडे तक्रारी नेल्या, मंडळाने चौकशी केली आणि मार्च २००६ मध्ये बँकेने रस्ते आणि पुनर्वसनाच्या भागाचा पैसा काही महिने रोखून धरला. तक्रार गेली नसती तर कागदावर पुनर्वसन सुरळीतच चाललेलं होतं. म्हणून तुम्ही तक्रारींची संख्या मोजा, पण ती वाढली तर घाबरू नका. तक्रार कुणी केली, लेखी केली का, पोच घेतली का, किती दिवसांनी काम झालं, हे पाहा. पूर्वी फक्त चेअरमन बोलायचे आणि आता तिसऱ्या मजल्यावरची भाडेकरूबाई अर्ज घेऊन वॉर्ड ऑफिसात जाते, तर तुमच्या संस्थेने ते प्रशिक्षण वाया घालवलेलं नाही.

शेवटी, पैसे देणाऱ्यांना एक सांगा. परिणाम दिसायला लागणारा काळ निधीच्या मुदतीत बसत नाही. अमेरिकेत १९९४ पासून पाच शहरांत सरकारी घरांतल्या सुमारे ४,६०० कुटुंबांवर प्रयोग झाला, काहींना बऱ्या वस्तीत भाड्याने राहायला मदत दिली. मोठ्या माणसांची कमाई काही वाढली नाही. पुष्कळांनी प्रयोग फसला असं म्हटलं. २०१५ मध्ये अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या वेळच्या लहान मुलांची मोठेपणीची कमाई तपासली. तेरा वर्षांच्या आत ज्यांचं घर बदललं, त्यांची कमाई इतरांपेक्षा सुमारे ३१ टक्के जास्त होती. म्हणजे फळ आलं, पण ते आईबापांच्या झाडाला आलं नाही, आणि यायला वीस वर्षं लागली. तुमच्या वाचनालयाची किंमत निधीची मुदत संपताना कुणालाही सांगता येणार नाही. मुलांची नावं, इयत्ता आणि शाळा पालकांना विचारून एका वहीत लिहून ठेवा आणि ती वही संस्थेकडे न देता सोसायटीच्या कपाटात ठेवा.

भिंती रंगवण्याचं मात्र मी यादीत फार वर घेणार नाही. रंग फोटोत छान दिसतो, म्हणून प्रत्येक प्रकल्पात असतो.

---

जुना रहिवासी:

वरच्या ताईंनी सोडून गेलेल्यांबद्दल लिहिलं, म्हणून लॉगिन केलं. आम्ही सोडून गेलेल्यांपैकी आहोत. माझे बाबा दादरच्या बाजारात भाजीची गाडी लावायचे. रुळांजवळ राहायचो तेव्हा पहाटे तीनला चालत बाजारात. नवीन घरी आल्यावर त्या वेळेला ट्रेन नाही, टेम्पोवाल्याला रोजचे पैसे, शिवाय गाडी रात्री ठेवायची कुठे हा प्रश्न. आई पूर्वी जवळच्या चार घरी काम करायची, ती घरं सुटली. नवीन ठिकाणी हजारो बायका एकदम काम शोधत होत्या, भाव पडला.

घर मात्र चांगलं होतं, हे मला आवर्जून सांगायचंय. आतमध्ये संडास, नळ, दाराला कडी. माझ्या बहिणीने पहिल्यांदा दार लावून आंघोळ केली तो दिवस आई अजून सांगते. घर वाईट म्हणून आम्ही सोडलं नाही. घर भाड्याने दिलं, त्या पैशात थोडी भर घालून सायनजवळ चाळीत खोली घेतली, बाबांचा धंदा वाचला. आमच्या मजल्यावरची अशी आणखी कुटुंबं मला माहीत आहेत.

आम्हाला कधी कुणी विचारलं नाही. आमच्या घरात जे भाडेकरू राहतात त्यांनाही विचारत नाहीत, कारण यादीत नाव मूळ मालकाचं. सर्वेक्षणाची मुलं येतात, भाडेकरू घाबरून "मी पाहुणा आहे" म्हणतो. तर ताई, मूळ कुटुंबाचा फोन नंबर भाडेकरूकडे असतोच, भाडं तर दर महिन्याला पाठवतो. मागून बघा. पण आधी स्पष्ट सांगा की घर परत घेणाऱ्या कुठल्या खात्याला ही माहिती जाणार नाही. नाहीतर कुणी बोलणार नाही, आणि बोलू पण नये.

---

चौथा मजला:

तुम्हा तिघांचे मनापासून आभार. रात्री कमिटीच्या बायकांना सगळं वाचून दाखवलं. मेंटेनन्सच्या पावत्यांचं काम लगेच सुरू केलं. खजिनदारबाईंनी जुनी पावतीपुस्तकं जपून ठेवलीत, उंदरांनी काही खाल्लीत, पण बरीच शाबूत आहेत. नुसतं चाळतानाच दिसलं की गल्लीत दिवे लागले त्या सुमारापासून पैसे भरणारी घरं वाढलीत. आणि नंतर लिफ्ट पुन्हा बंद पडली तेव्हापासून वरच्या तीन मजल्यांवरची भरणा थांबवणारी घरं वाढलीत. हे मी डोळ्यांसमोर राहूनही एकत्र असं कधी पाहिलं नव्हतं. समितीत हेच पहिलं पान करावं असं मी सुचवणार आहे.

उजेडवारा, दोन खात्यांचं पटलं. काकींना विचारलं, त्यांच्याकडे दिवसभर दिवा असतो, सून झोपलेली असते तेवढाच बंद. आम्ही मजल्यामजल्यावर मोजणार आहोत आणि तो कागद अहवालाला जोडून वेगळा अर्ज म्हणूनही पाठवणार आहोत, कारण त्याचं उत्तर संस्थेने द्यायचं नाहीच.

जुना रहिवासी, तुमचं वाचून आमच्या मजल्यावरची एक बाई आठवली. सामान टेम्पोत चढवताना माझ्याकडे तुळशीची कुंडी ठेवून गेली. तिचा नंबर आहे माझ्याकडे. भाडेकरूंच्या घरांचा प्रश्न मी सभेत काढला तेव्हा दोघांनी विरोध केला, "ते आपले सभासद नाहीत" म्हणाले. पण पंपाचं पाणी तेही वापरतात आणि कचरा उचलणाऱ्या दोघींपैकी एक स्वतः भाडेकरू आहे. तर त्यांना घेणारच.

घरोघरी ताई, तुमच्याशी एका बाबतीत माझं जमत नाही. रंगाबद्दल. तुम्ही खूप वसाहती पाहिल्यात, पण जिना रंगवायच्या आधी माझी मुलगी कॉलेजच्या मैत्रिणींना घरी आणत नव्हती. "चेंबूरला राहते" सांगायची. पानाच्या पिचकाऱ्यांचा जिना, त्यातून मैत्रिणीला कसं आणायचं? भिंतीवर आमच्याच मुलांनी काढलेली चित्रं आल्यावर पिचकाऱ्या बऱ्याच थांबल्या, आणि त्या दिवाळीत पाच मुली घरी फराळाला आल्या. इथून जवळ नटवर पारेख कंपाउंडमध्ये फेब्रुवारी २०२३ मध्ये गोवंडी आर्ट्स फेस्टिव्हल झाला, तेव्हा बाहेरची माणसं मुद्दाम गोवंडी बघायला आली. आमच्या भागाचं नाव एरवी देवनारच्या कचऱ्यावरून नाहीतर गुन्ह्यावरून पेपरात येतं. हे मोजता येत असेल तर मोजायला हवं. "गेल्या वर्षात बाहेरचं कोण तुमच्या घरी जेवायला आलं?" असा प्रश्न ठेवला तर चालेल का?

आणि एक अडचण आहे. टीबीबद्दल विचारायचं कसं? लोक लपवतात. मुलीचं लग्न मोडेल ही भीती असते, भाडेकरूला घर खाली करायला लावतात. पण ते वगळलं तर तळमजल्याचं खरं दुखणंच अहवालाबाहेर राहील.

---

घरोघरी:

ताई, जेवायला कोण आलं हा प्रश्न फार चांगला आहे. ठेवा. रंगाबद्दलचं माझं म्हणणं मी तुमच्या जिन्यापुरतं मागे घेते. तुमच्या मुलांनी काढलेली चित्रं आणि कंत्राटदाराने एका रात्रीत मारलेला रंग, या दोन गोष्टी मी एकत्र बांधल्या. तुमच्या अहवालात भिंत कुणी रंगवली तेही लिहा.

टीबीचं मात्र दारात विचारू नका. शेजारीण जिन्यात उभी राहून ऐकते, हे मी शंभरदा पाहिलंय. घरोघरी नावानिशी नोंद तर मुळीच नको, ती वही उद्या कुणाच्या हाती पडेल सांगता येत नाही. तुमच्या भागातल्या पालिकेच्या आरोग्यसेविकेला भेटा. कोणत्या घरात औषध चालू आहे हे तिला माहीत असतं, पण ती तुम्हाला घरं सांगणार नाही आणि तुम्ही विचारूही नका. तिच्या वरिष्ठांकडे लेखी अर्ज करून एवढंच मागा: तुमच्या सगळ्या इमारती मिळून तळमजला ते दुसरा, तिसरा ते पाचवा, सहावा आणि सातवा, अशा तीन गटांत गेल्या काही वर्षांत किती रुग्णांवर उपचार झाले. एकट्या इमारतीचा आकडा मागितलात तर माणूस ओळखू येतो, म्हणून सगळ्या इमारती एकत्र. मिळालेला आकडा उजेडवारांच्या मापाशेजारी एकाच तक्त्यात लावा, वर एक शब्द लिहू नका.

अर्जाच्या दोन प्रती काढा आणि एकीवर शिक्का मारून घ्या. कमिटीतल्या ज्या बाईने आजवर कधी अर्ज दिला नाही, तिलाच पाठवा.